'बेकर': हा खडूस डॉक्टर नक्की का आवडतो? आणि तुम्ही त्याच्याकडे औषधाला जाल का?

रातकिडा
सध्या रात्री सगळं आवरलं की 'बेकर' ही जुनी अमेरिकन विनोदी मालिका परत बघतेय. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: टेड डॅन्सन म्हणजे डॉ. जॉन बेकर, हार्वर्डमधून शिकलेला, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये गल्लीतला छोटा दवाखाना चालवतो, दोन घटस्फोट झालेत, हातात सिगरेट आणि नाकावर राग. सकाळी कोपऱ्यावरच्या डायनरमध्ये कॉफी ढोसत जगाच्या नावाने बोटं मोडायची, मग दवाखान्यात जाऊन पेशंटवर डाफरायचं, मग परत डायनर. सीबीएस वाहिनीवर १९९८ ते २००४, सहा सीझन, १२९ भाग. म्हणजे पडलेली मालिका अजिबात नाही, तरी 'चिअर्स', 'फ्रेझर' वगैरे गाजलेल्या विनोदी मालिकांच्या पंगतीत हिचं पान कुणी मांडत नाही.
तर प्रश्न असा की हा माणूस सगळ्यांवर खेकसतो, नर्सला धारेवर धरतो, तरी आपण त्याच्या बाजूने का असतो? मला वाटतं कारण तो खरं बोलतो. आपल्याला जे मनात येतं ते तो तोंडावर म्हणतो. तुमचं काय मत? आणि खराखुरा बेकर तुमच्या गल्लीत असता तर त्याच्याकडे गेला असता का?

उगाच_एक
खोकला असेल तर नाही जाणार. सिगरेट ओढत तपासेल आणि वर मलाच झापेल.

चष्मेबद्दूर
मस्त धागा! मला डायनरमध्ये पडीक असणारा बॉब आवडतो. स्वतःबद्दल बोलताना 'बॉब' म्हणतो तो. चष्मेबद्दूरला वाटतं की धागा शंभरी गाठणार.

तिरसट
'वरून काटेरी आतून गोड' म्हणून कुणीतरी आत्ता फणस आणणार, तर तो आधीच फोडून ठेवतो. बेकर आतून गोड नाहीये. तो आतूनही वैतागलेलाच आहे, फक्त आत त्याला काम येतं. रातकिडा, तो 'खरं बोलतो' हे मला पटलं नाही. त्याची निम्मी बडबड खरी नसतेच, ट्रेनमध्ये कुणी जोरात बोललं, रांगेत कुणी घुसलं, शेजाऱ्याने आवाज केला, यावरून तो मानवजातीचा निकाल लावून मोकळा होतो. हे सत्यकथन नव्हे, ही चिडचिड आहे. ती आपल्याला ओळखीची वाटते एवढंच.

जुनाट_टीव्ही
तिरसट यांना अर्धं अनुमोदन. पण एक गोष्ट नीट बघा. बेकर चिडतो ते बारीकसारीक गोष्टींवर. मोठी गोष्ट समोर आली की त्याची बडबड बंद होते. पहिल्याच भागात एचआयव्ही असलेला लहान मुलगा त्याचा पेशंट आहे. १९९८ मध्ये सोमवारी रात्री साडेनऊला, 'एव्हरीबडी लव्ह्ज रेमंड' संपल्यावर हसायच्या मूडमध्ये बसलेल्या लोकांसमोर पहिल्याच दिवशी हे ठेवायचं म्हणजे धाडसच की. आणि त्या पोराशी बोलताना बेकरचा आवाज बघा, तिथे भाषण नाही की टोमणा नाही. डेव्ह हॅकेल या निर्मात्याने पहिल्या अर्ध्या तासातच ठरवून टाकलं की हा माणूस कशावर ओरडणार आणि कशावर नाही. पुढची सगळी मालिका त्यावर उभी आहे.

मिरची_कमी
मी इथे जरा विरुद्ध बोलणार आहे, हलके घ्या किंवा नका घेऊ.
'तोंडाने फटकळ पण मनाने चांगला आहे हो' हे वाक्य मी नोकरीत इतक्यांदा ऐकलंय की आता अंगावर काटा येतो. हे वाक्य नेहमी कोण म्हणतं? ज्याला त्या माणसाचं ऐकून घ्यावं लागत नाही तो. मी एका क्लिनिकमध्ये पुढच्या टेबलावर बसायचे (नाव गाव काही सांगणार नाही), तिथले डॉक्टर असेच. निदान अचूक, पेशंटसाठी जीव टाकणार, आणि फाइल सापडली नाही की सगळ्यांसमोर माझा उद्धार. पेशंट बाहेर येऊन मलाच सांगायचे, अगं डॉक्टर देवमाणूस आहे. असेल. देवाचं ऐकून मी घरी रडायचे.
त्यामुळे मला बेकर बघताना सारखी त्याची नर्स मार्गारेट दिसते. हॅटी विन्स्टनने काय काम केलंय! तो दवाखाना बेकर चालवत नाही, मार्गारेट चालवते. अपॉइंटमेंट, बिलं, इन्शुरन्सवाल्यांचे फोन, मदतनीस लिंडाचे घोळ, आणि वर या बाबाचं तोंड. मालिकेचं नाव 'मार्गारेट' पाहिजे होतं.

रातकिडा
मिरची_कमी, हे वाचून थांबले जरा. पण मार्गारेट गप्प बसत नाही ना? ती त्याला दाराआड नेऊन असं सुनावते की तो शाळकरी पोरासारखा उभा राहतो.

मिरची_कमी
हो, कारण ते लेखकांनी लिहिलंय. पुढच्या टेबलावर बसणाऱ्याला लेखक मिळत नाहीत.

आळशी_अजगर
हाहाहा, जबरी.

डॉ_खोकला
इतका वेळ वाचत होतो, आता राहवत नाही. मी रेसिडेन्सीचा काही काळ ब्रॉन्क्सलाच काढलाय, कुठल्या हॉस्पिटलात ते विचारू नका. मालिका लॉस एंजेलिसला पॅरामाउंटच्या स्टुडिओत, समोर प्रेक्षक बसवून शूट झाली, त्यामुळे रस्ते वगैरे सोडा. पण दवाखान्याची हवा बऱ्यापैकी बरोबर पकडलीये.
आधी हे समजून घ्या की हार्वर्डच्या डॉक्टरने ब्रॉन्क्समध्ये दवाखाना टाकणं म्हणजे काय. सत्तरच्या दशकात साउथ ब्रॉन्क्समध्ये इमारतींच्या रांगा जळाल्या, लोक निघून गेले, नंतर घरं परत बांधली पण गरिबी राहिली. तिथे बहुतेक पेशंट मेडिकेडवाले, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीचा सरकारी विमा, १९६५ पासूनचा. मेडिकेड डॉक्टरला खाजगी विम्यापेक्षा बराच कमी पैसा देतं, म्हणून कित्येक डॉक्टर असे पेशंट घेतच नाहीत. जो घेतो त्याची वेटिंग रूम कायम भरलेली. बेकरच्या बाहेरच्या खुर्च्या कधी रिकाम्या दिसल्यात? तो विनोद नाहीये.
त्यात नव्वदच्या दशकाचा शेवट म्हणजे एचएमओचा, म्हणजे खर्चाला लगाम घालणाऱ्या आरोग्यविमा कंपन्यांचा, जोर. प्रत्येक तपासणीला आधी मंजुरी, स्पेशालिस्टकडे पाठवायला रेफरल, आणि मंजुरीसाठी फोन केला की होल्डवरचं संगीत. समोर पेशंट बसलाय, कानाला फोन लागलाय, आणि पलीकडून एक कंपनीवाला विचारतो की ही टेस्ट खरंच गरजेची आहे का. तुम्ही बेकर नाही झालात तर काय होणार?
तिथे दम्याची मुलं खूप. इनहेलर संपलंय की नाही हे आयांना कळायचं नाही, तेव्हाच्या बऱ्याच इनहेलरवर आकडा नसायचा, त्या कानाशी धरून हलवून बघायच्या. आत काहीतरी खळखळतंय म्हणजे आहे. पण औषध संपलं तरी नुसता गॅस राहतो, फवारा उडतो आणि पोराला फरक काहीच पडत नाही. मग पहाटे इमर्जन्सीत. हे समजवायला फार तर दोन-चार मिनिटं लागतात, पण दर वेळी नव्याने, आणि बाहेर वीस माणसं. तिथे मी पण एकदोनदा आवाज चढवलाय. आईवर नव्हे, पण आई समोर होती.

मिरची_कमी
डॉक्टर, शेवटचं वाक्य प्रामाणिक आहे म्हणून सोडते :)

तिरसट
डॉ_खोकला, उत्तम प्रतिसाद. मग बेकर डॉक्टर म्हणून कसा वाटतो?

डॉ_खोकला
डॉक्टर म्हणून चांगला. तो पेशंटला ओळखतो, कोणाचं घर कुठे, कोण नोकरी सोडून आलंय, कोण खोटं बोलतंय. गल्लीतल्या डॉक्टरचं सगळं भांडवल तेच. निदानाला काही फार अक्कल लागत नाही हो बहुतेक वेळा. हा माणूस गोळ्या घेणार आहे की नाही ते ओळखायला लागते. बेकर तिथे चुकत नाही. वागणुकीत मात्र नापास.

पाटी_पेन्सिल
एक गंमत लक्षात आली का? 'बेकर' जानेवारी २००४ मध्ये संपली आणि त्याच वर्षी दोन खडूस डॉक्टर आले. सप्टेंबरमध्ये ब्रिटनच्या आयटीव्हीवर 'डॉक मार्टिन' आणि नोव्हेंबरमध्ये फॉक्सवर 'हाउस'. जणू खुर्ची रिकामी झाली आणि दोघे धावले.
पण तिघांचा खडूसपणा एकच नाही. हाउसला पेशंट नको असतो, त्याला कोडं पाहिजे, आणि शेवटी तोच बरोबर निघतो म्हणून त्याला सगळं माफ. डॉक मार्टिन कॉर्नवॉलच्या समुद्राकाठच्या खेड्यात, सर्जन होता पण रक्त बघून मळमळतं म्हणून जनरल प्रॅक्टिसला आला. त्याला माणसाशी बोलता येत नाही, तो चिडका कमी आणि अवघडलेला जास्त. बेकरला माणसांशी बोलता येतं, नव्हे, तो गप्प बसूच शकत नाही. आणि मुख्य म्हणजे बेकर जिंकत नाही. तो दुकानदाराशी तत्त्वासाठी भांडतो, बरोबरही असतो, आणि शेवटी त्याच्याच डोक्यावर काहीतरी पडतं. पहिल्या पाच मिनिटांत भाषण, शेवटच्या पाच मिनिटांत त्या भाषणाची वसुली. मिरची_कमी, तुमच्या मुद्द्याला मालिकेचं उत्तर हे आहे असं मला वाटतं. ती त्याला माफ करत नाही, त्याला दर आठवड्याला दंड लावते.

मिरची_कमी
हे मान्य. हाउसपेक्षा बेकर कधीही परवडला. हाउसच्या हाताखालच्यांचे हाल बघवत नाहीत.

उगाच_एक
अवांतर: तो डायनरमध्ये सिगरेट कशी काय ओढतो? न्यूयॉर्कला बंदी आहे ना?

जुनाट_टीव्ही
तेव्हा पूर्ण नव्हती. १९९५ च्या शहराच्या कायद्याने ३५ पेक्षा जास्त खुर्च्या असलेल्या रेस्टॉरंटमध्ये बंदी आली. छोट्या जागांना सूट होती. सगळीकडे, बारसकट, बंदी ३० मार्च २००३ पासून. म्हणजे पाचवा सीझन चालू असताना. मालकीण रेजीचं ते डायनर तसंही खुराड्याएवढं, ३५ माणसं तिथे कोंबली तरी मावणार नाहीत, त्यामुळे सुरुवातीचे सीझन कायदेशीर :)
आणि जुलै २००२ मध्ये शहराने सिगरेटच्या पाकिटावरचा स्वतःचा कर ८ सेंटवरून एकदम दीड डॉलर केला. यावर बेकर काय बोलला असता याचा विचार करून मला हसू येतं.

आळशी_अजगर
डॉक्टर सिगरेट ओढतो आणि पेशंटला सोड म्हणतो, हे खटकत नाही कुणाला?

डॉ_खोकला
खटकायला पाहिजे म्हणूनच ठेवलंय ते. आणि खोटं सांगणार नाही, हॉस्पिटलच्या मागच्या दारापाशी पांढऱ्या कोटातली धुरकांडी मी भरपूर पाहिलीत.

चष्मेबद्दूर
जेकबद्दल कुणीच बोललं नाही. अ‍ॅलेक्स डेझर्ट. आंधळा आहे, डायनरमध्येच पेपरचा स्टॉल चालवतो. आज असे विनोद कुणी करू दिले असते का? बेकर त्याच्या आंधळेपणावरून टोमणे मारतो, बॉब तर विचारूच नका.

पाटी_पेन्सिल
मारतो, पण जेक दुप्पट परत करतो. तिथे बसणाऱ्यांत सगळ्यात शहाणा माणूस तोच आहे. कीव नाही केली त्याची, हे मला आवडलं. बेकर त्याच्यावर जितका चिडतो तितकाच बाकीच्यांवर, आणि जेकला तेच हवं असतं.
जाता जाता, आंधळा पेपरवाला हे नुसतं लेखकाच्या डोक्यातून आलेलं नाही. अमेरिकेत १९३६ चा रँडॉल्फ-शेपर्ड कायदा आहे, सरकारी इमारतींमधले स्टॉल चालवायला अंध व्यक्तींना प्राधान्य. त्यामुळे पोस्ट ऑफिस, कोर्ट वगैरे ठिकाणी अंध स्टॉलवाले लोकांना सवयीचे. जेकचा स्टॉल खाजगी डायनरमध्ये आहे म्हणजे तो कायदा तिथे लागू नाही, पण ते चित्र प्रेक्षकांच्या ओळखीचं होतं.

चष्मेबद्दूर
अरे वा, हे माहीतच नव्हतं. फक्त नट स्वतः डोळस आहे, हे आज चाललं नसतं.

तिरसट
आता मालिकेच्या चाहत्यांच्या मूळ भांडणावर येऊ. डायनरची आधीची मालकीण रेजी की नंतरची क्रिस?

रातकिडा
झालं! रेजी. प्रश्नच नाही.

आळशी_अजगर
रेजी.

उगाच_एक
क्रिस. (पळतो)

जुनाट_टीव्ही
रेजी म्हणजे टेरी फॅरेल. 'स्टार ट्रेक: डीप स्पेस नाइन' १९९८ मध्ये सोडली आणि त्याच वर्षी इथे आली. चार सीझन होती, मग २००२ मध्ये तिला काढलं, आणि मालिकेत रेजी एकदम गायबच. मग नॅन्सी ट्रॅव्हिसच्या क्रिसने डायनर चालवायला घेतलं. क्रिस वाईट नाही. पण रेजी त्याच्यासारखीच होती, आयुष्याने फसवलेली, तिला कॉलेज आणि मॉडेलिंग आणि काय काय करायचं होतं आणि बापाचं डायनर गळ्यात पडलं. ती आणि बेकर एकमेकांवर गुरगुरायचे तेव्हा दोन सारखी माणसं वाटायची. क्रिस हसतमुख, तिला बेकर सुधारायचाय. खडूस माणसासमोर हसतमुख बाई ठेवली की पुढचं सगळं कळतं, मग बघायचं काय?

उगाच_एक
पण नॅन्सी ट्रॅव्हिस आणि टेड डॅन्सन 'थ्री मेन अँड अ बेबी'मध्ये होते, १९८७. त्यात ती बाळाची आई आणि हा बाप. म्हणजे क्रिसचा हक्क जुना आहे :)

चष्मेबद्दूर
आणि तो सिनेमा दिग्दर्शित केला लेनर्ड निमॉयने, म्हणजे 'स्टार ट्रेक'चा स्पॉक. बेकरच्या दोन्ही नायिकांचा रस्ता अंतराळातून येतो. चष्मेबद्दूर नमस्कार करतो.

आळशी_अजगर
हा प्रतिसाद छापून भिंतीवर लावा कुणीतरी.

मावशी_ऑनलाइन
बाळांनो, उशिरा आले. सगळं वाचलं. तुम्ही कुणी त्याच्या वडिलांचा विषय काढला नाहीत. लहानपणी घर सोडून गेलेला बाप परत येतो, आणि तो बाप कोण, तर डिक व्हॅन डाइक! जगातला सगळ्यात लाघवी चेहरा. सगळ्यांशी गोड बोलतो, डायनरमधले सगळे त्याच्यावर फिदा, आणि बेकर कोपऱ्यात धुमसतोय कारण त्यालाच माहितीये की हा गोड माणूस बायकोमुलाला टाकून गेला होता. मला त्या वेळी बेकर कळला. ज्याला गोड बोलणाऱ्याने फसवलंय तो गोड बोलण्यावर आयुष्यात विश्वास ठेवणार नाही. तो स्वतःही गोड बोलणार नाही. कडू बोलेल, पण सकाळी ठरल्या वेळी दवाखाना उघडेल.
(आणि गंमत म्हणजे डिक व्हॅन डाइक तेव्हा सीबीएसवरच 'डायग्नोसिस: मर्डर'मध्ये प्रेमळ डॉक्टर होता.)

तिरसट
मावशी, काय लिहिलंत. मी माझा 'आतूनही वैतागलेला' हा मुद्दा यासोबत ठेवतो, आता तो जास्त नीट बसतो.

जुनाट_टीव्ही
मावशींना जोडून. 'चिअर्स'मधला बारमालक सॅम मलोन आठवा. तोच टेड डॅन्सन, १९८२ ते १९९३, काउंटरच्या आतल्या बाजूला उभा, सगळ्यांचा लाडका, लोक त्याच्याकडे बोलायला यायचे. 'बेकर'मध्ये तो काउंटरच्या बाहेर स्टुलावर बसलाय आणि कुणालाच त्याचं ऐकायचं नाहीये. मला नेहमी वाटतं की डायनरमध्ये बेकर हाच पेशंट आहे. दवाखान्यात तो इतरांना तपासतो, इथे रेजी, जेक, बॉब त्याला तपासतात, आणि औषध कुणाकडेच नाही. हे दोन सेट आहेत म्हणून मालिका टिकली. नुसता दवाखाना असता तर चिडका डॉक्टर दहा भागांत नकोसा झाला असता.

मिरची_कमी
मावशी, वडिलांचं पटलं. तरीही एक सांगते. माणूस असा का झाला हे कळलं म्हणजे त्याचं ऐकून घ्यायची जबाबदारी शेजारच्या टेबलावरच्या बाईची होत नाही.

मावशी_ऑनलाइन
नाहीच होत ग. मी पण मार्गारेटच्याच बाजूने आहे. बेकरला जेवायला बोलवेन, नोकरी त्याच्याकडे करणार नाही.

रातकिडा
मावशी, हे माझ्या प्रश्नाचं सर्वात जवळचं उत्तर. मी स्वतः त्याच्याकडे औषधाला जाईन असं सुरुवातीला ठाम वाटत होतं. आता म्हणेन की मुलांना घेऊन नक्की जाईन, स्वतःसाठी गेले तर दोन दिवस आधी सगळे रिपोर्ट क्रमाने लावून ठेवीन.

डॉ_खोकला
रिपोर्ट क्रमाने लावून आणणारा पेशंट! बेकरसुद्धा हसेल.

पाटी_पेन्सिल
नवीन बघणाऱ्यांनी पहिले चार सीझन सलग बघावे. पाचवा चवीपुरता. सहावा तेरा भागांचाच आहे, त्यात होर्हे गार्सिया दिसतो, 'लॉस्ट'च्या आधीचा, तेवढ्यासाठी चाळा.

उगाच_एक
पाचव्याला चवीपुरता म्हणणाऱ्याचा निषेध. क्रिससाठी वेगळा धागा काढतोय.

तिरसट
काढ. तिथे येऊन भांडतो.